टाटा, सर रतनजी जमशेटजी

टाटा, सर रतनजी जमशेटजी : (२० जानेवारी १८७१–५ सप्टेंबर १९१८). भारतीय उद्योगपती, कलासंग्राहक आणि दानशूर. भारतातील आधुनिक उद्योगांचे एक आद्य प्रवर्तक जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे धाकटे पुत्र. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमचा (१९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) कलाविभाग मुख्यत्वे ज्या तीन खाजगी संग्रहांच्या पायावर उभा राहिला, त्यांपैकी एक त्यांचा होय. रूढ अर्थाने त्यांना या संस्थेचे संस्थापक म्हणता येणार नाही. संस्था मुंबईच्या नागरिकांनी स्थापिली. तिची इमारत सरकार, नगरपालिका आणि अनेक दाते यांच्या पैशांतून बांधली गेली. परंतु संग्रहालय हे इमारतीने व कायद्याने होत नाही, ते वस्तूंनी होते. आणि बांधून तयार झालेल्या दालनांत मांडावयाच्या वस्तू ज्यांनी दिल्या, त्यांत रतनजींचा वाटा इतका मोठा आहे, की त्यांना सहसंस्थापक म्हटल्यास ते वावगे ठरू नये. टाटा उद्योगसमूहाचे दीर्घकाळ अध्यक्ष असलेले रतन नवल टाटा (१९३७–२०२४) हे वेगळे. त्यांचे वडील नवल टाटा यांना सर रतनजींच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी नवाजबाई यांनी दत्तक घेतले होते. नामसादृश्यामुळे दोघांच्या चरित्रांची गल्लत वारंवार होते.

रतनजींचा जन्म मुंबईत झाला. थोरले बंधू दोराबजी (१८५९–१९३२) त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. रतनजींचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. १८९२ मध्ये नवाजबाई सेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते. १८९६ मध्ये ते वडिलांच्या पेढीत भागीदार झाले. १९०४ मध्ये जमशेटजी जर्मनीत निधन पावल्यावर कामांची वाटणी आपोआपच झाली. पोलाद, जलविद्युत् आणि बंगलोरची विज्ञानसंस्था ही वडिलांची अपुरी राहिलेली तीन मोठी स्वप्ने दोराबजींनी हाती घेतली. रतनजींकडे एका फ्रेंच विमा कंपनीची एजन्सी व टाटा अँड कंपनी या व्यापारी पेढीचा कारभार आला. ही पेढी कापूस, सूत, रेशीम, मोती, तांदूळ अशा मालाची उलाढाल करीत असे आणि तिच्या शाखा कोबे, शांघाय, रंगून, पॅरिस व न्यूयॉर्क येथे होत्या. त्यांच्या कलासंग्रहाचा भूगोल पाहिला, तर तो या शाखांच्या भूगोलाशी बराचसा जुळतो.

हा संग्रह ज्या संपत्तीतून झाला, तिचा उगमही लक्षात घेतला पाहिजे. टाटांची संपत्ती प्रथम कापसाच्या व सुताच्या धंद्यातली : नागपूरची एम्प्रेस मिल (१८७७), कुर्ल्याची स्वदेशी मिल (१८८६) आणि अहमदाबादची ॲडव्हान्स मिल. पोलाद नंतरचे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा मजूर मोठ्या प्रमाणावर तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून येई. त्या जिल्ह्याचा दक्षिण भाग, म्हणजे मालवण, देवगड, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी हा मुलूख, १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जातो. या किनाऱ्यावरील गावांतून घरटी एखादा तरी माणूस मुंबईला असे आणि त्याच्या मनिऑर्डरीवर गावाकडचा संसार चाले. मुंबईच्या संग्रहालयातील जेडचा पेला आणि मालवणकडच्या गिरणी कामगाराची मनिऑर्डर ही एकाच अर्थव्यवस्थेची दोन टोके आहेत, हे विधान कोणावर ठपका ठेवण्यासाठी केलेले नाही. खाजगी संग्रह सार्वजनिक झाला यास जे महत्त्व आहे, ते या संबंधामुळे अधिक स्पष्ट होते, इतकेच.

संग्राहकाची जडणघडण : मुंबईच्या पारशी घराण्यांना चिनी वस्तूंची ओढ रतनजींच्या पूर्वीपासून होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पारशी व्यापारी कापूस व अफू घेऊन कँटनला जात आणि परतताना रेशमी भरतकामाची वस्त्रे, चिनी मातीची भांडी, काचेवरील चित्रे, लाखेच्या पेट्या आणीत. ‘गारा’ या नावाने प्रसिद्ध असलेली भरतकामाची पारशी साडी ही याच व्यापाराची देणगी. तेव्हा दिवाणखान्यात चिनी फुलदाण्या असणे हे त्या समाजात नवलाचे नव्हते. रतनजींचे वेगळेपण असे, की घर सजविण्याच्या हौसेपलीकडे जाऊन त्यांनी एकेका प्रकारच्या वस्तू संख्येने व विविधतेने जमविल्या. एक सुंदर कुपी विकत घेणारा तो हौशी. तिच्या शंभर भावंडांच्या शोधात निघणारा तो संग्राहक.

दुसरे केंद्र इंग्लंडमधील. १९०६ मध्ये त्यांनी लंडननजीक ट्विकनम येथे टेम्स नदीकाठचे ‘यॉर्क हाउस’ हे सतराव्या शतकातील घर ऑर्लेआँच्या ड्यूककडून विकत घेतले आणि पुढे वर्षातील बराच काळ ते तेथे राहू लागले. या घराच्या उद्यानात त्यांनी बसविलेला संगमरवरी जलदेवतांचा समूह प्रसिद्ध आहे. तो मूळचा व्हिटेकर राइट या धनाढ्याच्या सरे परगण्यातील वाड्यासाठी इटलीहून आणलेला होता. राइट हा कंपन्यांचे भाग फुगवून विकणारा. १९०४ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा होताच त्याने न्यायालयाच्या इमारतीतच विष घेतले आणि त्याची मालमत्ता विक्रीला निघाली. एका धनिकाच्या नाशातून दुसऱ्याचा संग्रह वाढावा, ही कलाबाजाराची जुनीच रीत आहे. रतनजींच्या पश्चात हे घर ट्विकनमच्या स्थानिक प्रशासनाने घेतले, १९२६ पासून तेथे नगरपालिकेची कचेरी आली आणि जलदेवता जागच्या जागी राहिल्या.

संग्रहाचे स्वरूप : रतनजींच्या संग्रहात चिनी व जपानी कलावस्तू, युरोपीय तैलचित्रे, भारतीय लघुचित्रे, शस्त्रे व चिलखते, शाली व इतर वस्त्रे, धातूच्या मूर्ती, हस्तिदंती व लाखकामाच्या वस्तू, काच आणि चांदी अशा नानाविध गोष्टी होत्या. एखाद्या काळावर वा शैलीवर लक्ष केंद्रित करणारा हा संग्रह नव्हे. त्याच्या व्याप्तीला उणेपणा म्हणावयाचे की श्रीमंती, हे पाहणाऱ्याच्या अपेक्षेवर अवलंबून आहे. मात्र पूर्व आशियाई वस्तूंचा विभाग हा त्यातील सर्वांत भक्कम भाग होय, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. भारतातील इतर सार्वजनिक संग्रहालयांत चिनी व जपानी वस्तू अभावानेच आढळतात, हे ध्यानात घेता त्याचे मोल अधिकच वाढते.

जेडच्या वस्तूंकडे प्रेक्षकाने सावकाश पाहावे. जेड या नावाखाली नेफ्राइट आणि जेडाइट ही दोन भिन्न खनिजे येतात. चीनमधील जुने काम बहुतांशी नेफ्राइटचे असून हा दगड खोतानच्या नद्यांतून येई. गर्द हिरवा जेडाइट ब्रह्मदेशातून, अठराव्या शतकापासून मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला. दोन्ही खनिजे साध्या पोलादाहून कठीण असल्यामुळे छिन्नीने किंवा सुरीने ती कोरता येत नाहीत. कारागीर फिरत्या चाकाला पाणी व कठीण खनिजांची वाळू लावून दगड तसूतसूने झिजवीत आणतो. जेडवर ‘कोरीव काम’ असते असे आपण म्हणतो, पण वस्तुतः ते घासकाम असते. प्रकाश आरपार जाईल इतक्या पातळ भिंतीचा पेला घडवावयाचा, तर महिनोन्महिने हेच काम करावे लागे आणि शेवटच्या टप्प्यात एखादी शीर फुटली म्हणजे सारे श्रम वाया. मोगल दरबारातही जेडचे वेड होते. खंजिराच्या मुठी, पेले व डब्या यांत माणकांचे कुंदनकाम करण्याची पद्धत येथली. चिनी व भारतीय जेड शेजारी ठेवून पाहिले, की एकाच दगडाकडे दोन संस्कृतींनी किती निराळ्या नजरेने पाहिले हे उमगते : चिनी कारागिराला दगडाचा स्वतःचा स्निग्धपणा पुरेसा वाटतो, मोगल कारागीर त्याला रत्नांचे कोंदण बनवितो.

तपकिरीच्या कुप्या हा संग्रहातील दुसरा लक्षणीय गट. तपकीर ओढण्याची सवय चीनमध्ये सतराव्या शतकात, मांचू राजवटीत पसरली. दमट हवेत तपकीर सर्दावू नये म्हणून तळहातात मावणारी, घट्ट बुचाची कुपी वापरीत. बुचाला आतून हस्तिदंताची वा धातूची बारीक पळी जोडलेली असे. या चिमुकल्या वस्तूवर काच, अकीक, जेड, पोर्सलिन, लाख अशा सर्व माध्यमांतील कारागिरांनी कौशल्य पणाला लावले. एकोणिसाव्या शतकात तर पारदर्शक कुपीच्या तोंडातून वाकडा कुंचला घालून आतील बाजूने चित्र रंगविण्याची कला पुढे आली. तपकीर ओढणारे गेले, कुप्या उरल्या.

जपानी वस्तूंबाबत थोडे सावध राहणे इष्ट. १८६८ नंतर जपानमध्ये नवी राजवट आली आणि १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगण्यास बंदी झाली. पिढ्यान्पिढ्या तलवारींच्या मुठी व चकत्या घडविणारे धातुकारागीर बेकार झाले आणि परदेशी ग्राहकांसाठी फुलदाण्या, डब्या, शोभेच्या मूर्ती बनवू लागले. सोनेरी बारीक नक्षीची सात्सुमा भांडी व मोठी हस्तिदंती शिल्पे हीदेखील बहुधा निर्यातीचा मालच. रतनजींच्या पिढीतील संग्राहकांनी हे सारे समकालीन काम म्हणून विकत घेतले. पुढील काळातील जाणकारांनी ‘निर्यातीचा माल’ म्हणून त्याची अवहेलना केली. अलीकडे त्यातील असामान्य हस्तकौशल्याकडे पुन्हा लक्ष वेधले आहे. संग्राहकाने केलेली निवड आणि काळाने तिच्याविषयी दिलेला निर्णय यांचा मेळ बसायला कधी कधी शंभर वर्षे लागतात.

युरोपीय तैलचित्रांचा प्रश्न अधिक बिकट आहे. टाटा बंधूंच्या संग्रहांतून आलेल्या चित्रांत मात्तिया प्रेती, बोनिफात्सियो व्हेरोनेझे, पीटर लीली, कॉन्स्टेबल, बूदँ अशा नावांनी नोंदलेली चित्रे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या लिलावांत व व्यापाऱ्यांकडे मोठ्या चित्रकाराचे नाव चित्राला सढळ हाताने जोडले जाई. चित्र खुद्द त्या चित्रकाराचे, त्याच्या कार्यशाळेतील, त्याच्या अनुयायाचे, की नंतरच्या काळातील नक्कल, हे ठरविण्यास कॅनव्हास, रंगद्रव्ये, चौकटीमागील शिक्के व जुने दस्तऐवज तपासावे लागतात. यासाठी तुलनेची चित्रे जवळ असावी लागतात आणि ती हजारो मैल दूर असली, म्हणजे काम रेंगाळते. म्हणून अशा दालनातील नावांपुढे प्रेक्षकाने मनात एक लहानसे प्रश्नचिन्ह ठेवावे. चित्राचा आस्वाद त्याने कमी होत नाही. भारतात जुनी युरोपीय चित्रे प्रत्यक्ष पाहण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे, आणि ज्या कलाविद्यार्थ्याने ती केवळ छापील प्रतीत पाहिली, त्याला रंगाच्या थराची जाडी व चकाकीचा थर यांचा बोध येथेच प्रथम होतो.

पाटलिपुत्राचे उत्खनन : संग्राहक वस्तू विकत घेतो, तेव्हा तिचे मूळ ठिकाण, तिच्यासोबतच्या वस्तू व ती कोणाच्या हातांतून आली हा इतिहास पुष्कळदा हरवतो. रतनजींना याची जाण होती किंवा नव्हती हे ठरविण्याची गरज नाही. परंतु त्यांचा एक उपक्रम या दोषाच्या नेमका उलट दिशेचा आहे. भारतीय पुरातत्त्वीय सर्वेक्षण खात्याकडे पैशांची चणचण असताना त्यांनी शास्त्रीय उत्खननासाठी दरसाल २०,००० रुपये देऊ केले. पाटण्याजवळील कुम्रहार येथे डी. बी. स्पूनर यांनी १९१३ मध्ये या देणगीतून काम सुरू केले. एकूण ७५,००० रुपये खर्च झाले. मौर्यकालीन स्तंभयुक्त सभागृहाचे अवशेष तेथे उजेडात आले. चकचकीत झिलईच्या वालुकाश्म-स्तंभांची रांगोळीच्या ठिपक्यांसारखी मांडणी स्पूनर यांनी मुख्यत्वे राखेच्या खुणांवरून ताडली व ७२ स्तंभांची नोंद केली. अ. स. अळतेकर व विजयकांत मिश्र यांच्या १९५१–५५ मधील उत्खननात आणखी ८ स्तंभांचा माग लागून ८० ही संख्या रूढ झाली. स्पूनर यांनी या सभागृहाची तुलना इराणमधील पर्सेपोलिसशी केली आणि १९१५ मध्ये भारतीय इतिहासात एक ‘झरथुश्त्री कालखंड’ मानावा असे प्रतिपादिले. पारशी दात्याच्या पैशाने झालेल्या उत्खननातून असा सिद्धान्त निघावा, याची त्या काळी चर्चा न होती तरच नवल. मौर्य शिल्पावरील इराणी संस्काराचा प्रश्न विद्वानांत आजही विचाराधीन आहे. स्पूनर यांचे टोकाचे अनुमान मात्र मान्य झाले नाही. खाजगी भारतीय देणगीतून सरकारी खात्याने केलेले उत्खनन म्हणून कुम्रहारचे स्थान त्यामुळे उणावत नाही.

संग्रह व संग्रहालय : प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे पाचवा जॉर्ज) यांच्या भेटीचे स्मारक म्हणून मुंबईत वस्तुसंग्रहालय उभारावे असे १९०५ मध्ये प्रमुख नागरिकांनी ठरविले आणि ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. १९०९ मध्ये संग्रहालयासाठी स्वतंत्र कायदा होऊन त्याचा कारभार विश्वस्तांकडे आला. त्याच वर्षी स्पर्धेतून जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाचा आराखडा निवडण्यात आला. कुर्ल्याचा काळा व मालाडचा पिवळसर दगड वापरून, विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा घुमट असलेली ही वास्तू १९१४ मध्ये पूर्ण झाली. तोच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि नव्या दालनांत लष्करी रुग्णालय आले. संग्रहालय जनतेस खुले झाले ते १० जानेवारी १९२२ रोजी.

दरम्यान १९१५ मध्ये विश्वस्तांनी मुंबईतील शेठ पुरुषोत्तम विश्राम मावजी यांचा संग्रह विकत घेतला. मावजी हे रसिक धनिक होते. चित्रमुद्रणाच्या व्यवसायातही त्यांनी लक्ष घातले होते. त्यांच्या संग्रहामुळे भारतीय लघुचित्रे व शस्त्रास्त्रे यांची मूळ बैठक सिद्ध झाली. रतनजींचा संग्रह मात्र विकत घ्यावा लागला नाही; तो त्यांच्या मृत्युपत्रान्वये मिळाला. १९१६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला, त्याच वर्षी प्रकृतीच्या कारणाने ते इंग्लंडला गेले आणि ५ सप्टेंबर १९१८ रोजी कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्‌ज येथे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी निधन पावले. ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत वडिलांच्या सान्निध्यात त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्या दिवशी मुंबईतील संग्रहालयाच्या दालनांत चित्रे नव्हती, रुग्णांच्या खाटा होत्या. आपला संग्रह तेथे मांडलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

येथे एक गोष्ट विशेष नोंदविण्याजोगी आहे. त्या काळचे पाश्चात्त्य उद्योगपती बहुधा स्वतःच्या नावाचे स्वतंत्र संग्रहालय उभारीत. रेल्वेचे मालडबे बनविणाऱ्या चार्ल्स लँग फ्रीअरने आपला आशियाई कलेचा संग्रह अमेरिकन राष्ट्राला दिला, पण त्यासाठी त्याच्या नावाची स्वतंत्र इमारत वॉशिंग्टनला बांधली गेली (१९२३). इंग्लंडमधील साबण कारखानदार लीव्हर याने पत्नीच्या स्मरणार्थ कलावीथी उघडली ती १९२२ मध्ये, म्हणजे मुंबईचे संग्रहालय उघडले त्याच वर्षी. जपानमधील कुराशिकीचे गिरणीमालक ओहारा मागोसाबुरो यांनी, आपल्यासाठी युरोपात चित्रे निवडणारा चित्रकारमित्र कोजिमा तोराजिरो याच्या मृत्यूनंतर, १९३० मध्ये संग्रहालय स्थापिले. ग्लासगोचा जहाजमालक विल्यम बरेल याने १९४४ मध्ये शहराला संग्रह दिला, परंतु शहराच्या धुरापासून दूर जागा असावी ही अट घातली. ती पाळता पाळता इमारत उघडण्यास १९८३ साल उजाडले. अटी घालणारा दाता आपल्या वस्तूंचे रक्षण करतो आणि त्याच वेळी त्यांना कोंडूनही ठेवतो. टाटांचा संग्रह एका सर्वसाधारण लोकसंग्रहालयात मिसळला. त्यामुळे रतनजींचे नाव सर्वसामान्य प्रेक्षकाला फारसे ठाऊक नाही, पण चिनी कुपी पाहण्यास आलेला माणूस त्याच तिकिटात गांधार शिल्प, प्राणिजीवनाचा विभाग आणि मोगल चित्रेही पाहून जातो. माझ्या मते हा सौदा प्रेक्षकाच्या फायद्याचा ठरला.

दोराबजी हेही संग्राहक होते. त्यांच्या पत्नी मेहेरबाई यांच्याकडे सुमारे २४५ कॅरटचा ‘जुबिली’ हिरा होता. १९२४ मध्ये पोलाद कंपनी डबघाईस आली असता दोराबजींनी हा हिरा धरून आपली खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली व एक कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. कंपनी तरली. पुढे हिरा विकून आलेला पैसा त्यांच्या न्यासाला गेला. दोराबजींचा कलासंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९३३ मध्ये त्याच संग्रहालयात दाखल झाला आणि दोन भावांच्या वस्तू पुन्हा एका छपराखाली आल्या.

वस्तू स्वीकारणे हे संग्रहालयाचे सर्वांत सोपे काम. त्या टिकविणे अवघड. मुंबईत पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते आणि हिवाळ्यात बरीच खाली येते. लाकडी फळ्यांवरील चित्रे फुगतात व आक्रसतात, हस्तिदंताला चिरा जातात, शालींना कसर लागते, कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी चढते. कोकणातील घरात ज्याने आषाढात पोथीची पाने एकमेकांस चिकटलेली पाहिली आहेत, त्याला याविषयी अधिक सांगावयास नको. वस्तूंची यादी करणे, प्रत्येकीला क्रमांक देणे, वर्णन लिहिणे व तिच्यावरील विद्वानांची मते नोंदणे हेही टिकविण्याचेच काम आहे. डॉ. मोतीचंद्र, कार्ल खंडालावाला, सदाशिव गोरक्षकर यांसारख्या अभ्यासकांनी या संग्रहालयात वर्षानुवर्षे हे काम केले नसते, तर टाटांच्या देणगीला श्रीमंताच्या दिवाणखान्यातील सामान इतकेच रूप राहिले असते.

या संग्रहात काय नाही, हेही सांगावयास हवे. महाराष्ट्रातील लोककलेला त्यात म्हणण्यासारखे स्थान नाही. त्या पिढीच्या धनिक संग्राहकाच्या दृष्टीने कला म्हणजे दरबारी, मौल्यवान, दूरदेशीची. सावंतवाडीची लाखेवरील गंजिफा किंवा कुडाळ तालुक्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या पोथ्या या मुंबईपासून समुद्रमार्गे दीड दिवसाच्या अंतरावरच्या वस्तू. त्यांच्याकडे या संग्राहकांचे लक्ष गेले नाही. ती उणीव पुढे निराळ्या माणसांनी भरून काढली. पुण्यात चष्म्यांचे दुकान चालविणाऱ्या दि. गं. केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, दारांच्या चौकटी अशा रोजच्या वापरातील वस्तू हजारोंनी जमविल्या व अकाली वारलेल्या मुलाच्या नावाचे आपले संग्रहालय १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केले. सावंतवाडीत भोसले राजघराण्याने लाखकाम व गंजिफेचे कारागीर पुन्हा कामाला लावले. पिंगुळीत तर चित्रकथीची परंपरा चालविणाऱ्या परशुराम गंगावणे (पद्मश्री, २०२१) यांनी घरच्या गोठ्याच्या जागेतच बाहुल्या व चित्रांचे लहानसे संग्रहालय थाटले. पैशाच्या बळावर झालेले संग्रहालय आणि कलावंताने स्वतःच्या कलेसाठी केलेले संग्रहालय यांची तुलना करण्याचे प्रयोजन नाही; पण पहिल्यात वस्तू कर्त्यापासून तुटून येतात आणि दुसऱ्यात कर्ता वस्तूजवळच बसलेला असतो, हा फरक अभ्यासकाने विसरू नये.

इतर कार्य : रतनजींच्या दानाचे क्षेत्र कलेपुरते मर्यादित नव्हते. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजास त्यांनी दहा वर्षे दरसाल १०,००० रुपये दिले. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या सत्याग्रहासाठी १९०९ पासून गांधीजींना त्यांनी हप्त्याहप्त्याने एकूण १,२५,००० रुपये पाठविले. सरकारदरबारी वजन असलेल्या उद्योगपतीने त्या काळी असे उघड साहाय्य करणे ही साधी गोष्ट नव्हती. दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यास व्हावा म्हणून १९१२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी अध्ययनपीठास निधी दिला; आर्. एच्. टॉनी हे अर्थेतिहासकार त्याचे पहिले संचालक होत. मृत्युपत्रात त्यांनी उर्वरित मालमत्ता विद्यावृद्धी, दुःखनिवारण व लोकोपयोगी कार्ये यांसाठी ठेवली आणि पैसा वाटण्यापूर्वी जाणकारांकडून गरजेची पाहणी व्हावी असा आग्रह धरला. त्यानुसार १९१९ मध्ये सुमारे ८० लक्ष रुपयांचा सर रतन टाटा न्यास स्थापन झाला. नवाजबाईंनी १९६५ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, या कार्यात लक्ष घातले.

टाटा संग्रहाच्या वास्तूत पुढेही खाजगी संग्रह येत राहिले. कापूस व्यापारी जहांगीर निकल्सन (१९१५–२००१) यांनी १९६८ पासून समकालीन भारतीय चित्रे जमविली होती व त्यांसाठी मुंबईत आधुनिक कलेचे संग्रहालय व्हावे म्हणून आयुष्यभर खटपट केली. १९७६ मध्ये नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय प्रयोगकला केंद्रात त्यांच्या नावाचे दालन उघडले होते. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २०११ मध्ये, हा संग्रह छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडण्यात आला.